विचारेल त्याला सांगणारं मशीन

माझ्यावर चोरीचा आळ आला नाही, बातमी फोडल्याचा आला. कंपनीतली गुप्त गोष्ट मी बाहेर सांगितली, असं साहेबांना वाटलं. मी सांगितली नव्हती. मग कुणी सांगितली, तर म्हणे कुणीच नाही. एका मशीनला कुणीतरी विचारलं आणि मशीननं सांगून टाकलं. हे मला तीनदा समजावून झालं, त्यात एकदा तर कागदावर चौकोन काढून, आणि तिन्ही वेळा मी "हं, हं" म्हणत मान हलवली. खरं सांगायचं तर माझा गोंधळ अजून मिटलेला नाही. फक्त आता तो मशीनपुरता राहिलेला नाही.

मी वाळूजच्या एका कारखान्यात मोठ्या साहेबांची सेक्रेटरी आहे. गाड्यांचे सुटे भाग करतो आम्ही. म्हणजे शेडमधले लोक करतात, मी पत्रं टाइप करते. देवगाव रंगारीहून शहरात येऊन मी टायपिंग शिकले तेव्हा आमच्या घरात शाई लागायची ती फक्त मतदानाच्या बोटाला. त्यामुळे या खुर्चीचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. साहेब आले, गेले, मी तिथंच. कुणाची पगारवाढ अडली, कुणाची बदली झाली, कुणाला घरी बसवायचं ठरलं, सगळं आधी माझ्या बोटांखालून गेलं आणि एक शब्द कधी बाहेर पडला नाही. जेवणाच्या सुट्टीत अकाउंट्समधल्या बायका म्हणायच्या, "तुझ्या पोटात विहीर आहे का गं?" मला ते ऐकायला फार आवडायचं.

माझा धाकटा भाऊ शेड तीनमध्ये ऑपरेटर आहे. मीच शब्द टाकून लावलेला.

उन्हाळ्यात एकदा साहेबांनी दार लावून घेतलं आणि मला एक पत्र सांगितलं. शेड तीनमधली अख्खी लाइन तमिळनाडूत होसूरला हलवायची. इथल्या माणसांना व्हीआरएस द्यायची. व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती. यात स्वेच्छा साहेबांची आणि निवृत्ती बाकीच्यांची. दिवाळी झाल्यावर जाहीर करायचं, तोवर ही गोष्ट तिघांतच राहायला हवी होती: साहेब, एचआरचे प्रमुख आणि मी. मी पत्र टाइप केलं, फाइलवर 'गोपनीय' असा शिक्का मारला, कपाटाला कुलूप लावलं. मग नेहमीसारखा डबा खाल्ला. उगाच कशाला खोटं सांगू.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाऊ घरी आला. लासूर स्टेशनच्या मार्केटला घरच्या शेतातला कांदा घालून परस्पर उस्मानपुऱ्यात माझ्याकडे, हातात माझ्यासाठी ठेवलेली कांद्याची पिशवी. पाणी प्यायला, पंख्याखाली बसला आणि म्हणाला, "अक्का, शेंद्र्याला एका कंपनीनं बोलावलंय. पगार उलीसा कमी हाय, पण पर्मनंट करतो म्हनतेत. जाऊ का इथंच राहू?"

"तुझं तू बघ बाबा," मी म्हटलं. "मी काय सांगू?"

"आपल्या शेडचं काही नाय ना? तू साहेबाच्या दारात बसती. काही असंल तं तुला आधी कळंल."

"मला कुठं कोण काय सांगतं," मी म्हटलं आणि कांदे टोपलीत ओतायला आत गेले.

तो बाहेरून हसत म्हणाला, "मंग ठीक हाय. तू काही बोलली नाय म्हंजी काही नाय." आणि दुसऱ्या दिवशी त्यानं शेंद्र्याला नाही म्हणून कळवून टाकलं.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण माझा हिशोब तेव्हा मला सरळ वाटत होता. एकाला सांगितलं की सगळ्यांना सांगावं लागतं, आणि शेड तीनमधला प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा भाऊ आहेच की. माझ्या भावाला तेवढं कळावं आणि बाकीच्यांनी अंधारात राहावं, हा कुठला न्याय? शिवाय नोकरी माझीही होती.

श्रावण संपत आला तेव्हा एके दिवशी सकाळी कँटीनच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं दिसलं: 'शेड तीनची शिफ्टिंग कुठं? होसूरला! व्हीआरएस म्हणजे गचांडी!' पुसलं तर दुपारी संडासच्या दारावर. तिथलं पुसलं तर सायकल स्टँडवर. तीन शब्द, आणि तिन्ही माझ्या फायलीतले. 'शिफ्टिंग' हासुद्धा साहेबांचाच शब्द. मी ते वाचलं आणि आधी जाऊन कपाटाचं कुलूप ओढून बघितलं.

साहेबांनी आत बोलावलं. एचआरचे प्रमुख आधीच बसलेले, पेनाचं टोपण काढत-लावत.

"मॅडम, तुमचे बंधू शेड तीनला ना?"

"हो सर."

"नाही, सहज विचारलं."

उघड आरोप कुणी केला नाही, पण संध्याकाळपर्यंत माझ्या कपाटाची किल्ली एचआरकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी माझं टेबल साहेबांच्या दारातून उचलून स्टेशनरीच्या खोलीशेजारी नेलं. कारण काय, तर म्हणे तिथं हवा चांगली येते. इतकी वर्षं मला हवा लागली नव्हती, ती आता लागणार होती. नेटवर्कचं काम बघणाऱ्या माणसालाही थोडीफार कल्पना असणार, कारण या शिफ्टिंगच्या कामाची कॉम्प्युटरची मशीनं त्यानंच लावली होती. पण त्याचा भाऊ शेड तीनमध्ये नव्हता, माझा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मी संतापले. मी तशीही तापटच आहे, पण तो संताप वेगळा होता. भावाच्या तोंडावर खोटं बोलून जे सांभाळलं, तेच फोडलं म्हणून मला बाजूला बसवतात? तेव्हाच मी ठरवलं: खरं काय ते निघेल, आणि निघेल त्या दिवशी हे लोक ते सगळ्यांसमोर सांगतील. कानात येऊन "सॉरी मॅडम" म्हटलेलं मला चालणार नव्हतं. माझं टेबल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हलवलं होतं ना?

त्या रविवारी भाऊ परत आला. या खेपेला कांदे नाहीत, पाणीही नको म्हणाला. मोबाइल माझ्यापुढं धरला. "अक्का, हे काय हाय गं?"

काळ्या पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत एकाखाली एक शब्द होते. गेट. हजेरी. कँटीन. पगार. मग शेड३-शिफ्टिंग. होसूर-लाइन. व्हीआरएस-अर्ज. प्रत्येकापुढं आकडे आणि टिंबं.

त्याच्या शेडमधल्या एकाचा भाचा पुण्यात असतो, कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम करतो. मामाची कंपनी म्हणून त्यानं रिकाम्या वेळात सहज आमच्या कंपनीचं नाव टाकून बघितलं आणि हे मिळालं. त्यानं फोटो मामाला धाडला, मामानं शेडच्या ग्रुपवर टाकला, आणि तिथून खडू भिंतीवर गेला. म्हणजे सगळी शेड या एका फोटोवर पेटली होती, आणि साहेबांना फोटोचा पत्ताच नव्हता.

"मला कॉम्प्युटरचं काय कळतं?" मी म्हटलं. हे खरंच होतं. ती यादी कसली, कुठून आली, मला ठार कळत नव्हतं. त्यातल्या तीन शब्दांचा अर्थ मात्र पाठ होता.

"तेच म्या पोरांना सांगितलं," तो म्हणाला. "ते म्हनतेत, तुझी बहीण साहेबाची मानूस, तिला समदं ठावं असंल. म्या म्हनलं, तिला ठावं असतं तं तिनं मला सांगितलं नसतं व्हय?"

मी चहाचं आधण ठेवायला उठले. तो नको म्हणाला होता तरी ठेवलं. मग त्याला म्हटलं, तो फोटो मला पाठव. त्यानं बिचाऱ्यानं लगेच पाठवला.

सोमवारी मी थेट नेटवर्कवाल्याच्या खोलीत गेले. माणूस चाळिशीचा, आपल्या शहरातलाच, बोलायला लागला की निम्मं मराठी, निम्मं हिंदी. फोटो बघितल्याबरोबर त्यानं आधी दार लोटून घेतलं.

"मॅडम, ये किसको मत दिखाओ."

"मी सगळ्यांना दाखवणार आहे. आधी हे काय आहे ते सांगा."

मग त्यानं कागद ओढला आणि चौकोन काढायला लागला. कंपनीतल्या प्रत्येक मशीनला एक लांबलचक नंबर असतो. तो माणसाच्या लक्षात राहत नाही म्हणून नाव देतात. नाव सांगितलं की नंबर सांगायचा, एवढ्याच कामाला एक वेगळं मशीन असतं, त्याला डीएनएस सर्व्हर म्हणतात. त्याला दुसरं काही येत नाही. विचारलं की सांगायचं.

"कुणालाही?"

"इथंच तं लोचा झाला ना." नियम असा की आतल्या लोकांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी दुसरं, अशी दोन ठेवायची. बाहेरच्यानं विचारलं तर त्याला कंपनीची वेबसाइट आणि मेल, एवढाच पत्ता मिळावा. आमच्याकडे दोन्हीला एकच होतं. दुसऱ्याचा खर्च साहेबांनी कधीच कापला होता. वर आणखी एक. हे मशीन अचानक बंद पडलं तर अडू नये म्हणून त्याचं एक जोडीदार मशीन असतं, आणि ते अधूनमधून सगळ्या नावांची नक्कल मागून घेतं. ती नक्कल जोडीदारालाच द्यायची असते. आमचं मशीन मागेल त्याला देत होतं. पुण्याच्या भाच्यानं मागितली, त्याला दिली.

"म्हणजे त्यानं चोरी केली?"

"नाही ना मॅडम. त्यानं फक्त विचारलं."

"कुलूप तोडलं?"

"कुलूप होतंच कुठं? आणि तो आत आलाच नाही. मशीनच्या आतली एकही फाइल त्याला दिसली नाही. फक्त नावं दिसली."

"मग नावांनी एवढं काय होतं?"

त्यानं फोटोतल्या 'होसूर-लाइन'वर बोट ठेवलं. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला कुणी फ्लॅट विचारला तर तो बोटानं दाखवतो, तिथवर ठीक. पण विचारणाऱ्याला तो सगळ्या मजल्यांची नावं घडाघडा म्हणून दाखवायला लागला, तर घरात न शिरताही कुणाकडे काय चाललंय ते कळेलच. असं मी मनाशी जुळवलं. बरोबर जुळलं की नाही, देव जाणे.

देवावरून आठवलं, पूर्वी आमच्या मशीनांना देवांचीच नावं होती. ही प्रथा कुणी पाडली माहीत नाही, पण पगाराचं मशीन खंडोबा होतं, मेलचं मारुती, आणि हजेरी तुळजाभवानीवर लागायची. पुढं त्याचा त्रास व्हायला लागला. "खंडोबा डाऊन आहे", "मारुती हँग झालाय, बंद करून चालू करा", असे मेल सगळीकडे फिरायचे. अकाउंट्समधले एक वयस्कर गृहस्थ तर खंडोबा बंद करायच्या आधी हात जोडायचे. शेवटी त्यांनीच साहेबांकडे तक्रार केली की देवाविषयी असं लिहिणं बरं नव्हे. साहेबांनाही ते पटलं. त्यांनी फर्मान काढलं: देव काढा, ज्याचं जे काम तेच त्याचं नाव; कुणाला विचारायलाच लागू नये. नेटवर्कवाल्यानं हुकमाप्रमाणे केलं. होसूरच्या कामाचं मशीन होसूर-लाइन, स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज भरायचं मशीन व्हीआरएस-अर्ज. जुनीच पद्धत राहिली असती, तर पुण्याच्या भाच्याला फक्त देवांची यादी मिळाली असती आणि त्यानं फार तर नमस्कार केला असता.

"म्हणजे मी नाही सांगितलं, हे यातून सिद्ध होतं ना?" मी विचारलं. मला तेवढ्याशीच मतलब होता.

"सौ टक्का. पण मॅडम, साहेबांना अकेले में सांगा. सबके सामने नक्को."

मला वाटलं, हा स्वतःची कातडी वाचवतोय. नावं यानंच दिली होती ना. आणि तसं असलं तरी त्यानं ते सगळं एका कागदावर लिहून सही करून दिलं, हे मी विसरलेले नाही.

साहेबांनी कागद वाचला. त्यांनाही कळलं नसावं, कारण त्यांनीही "हं, हं" केलं. पण मी निर्दोष आहे एवढं कळलं. "सॉरी मॅडम," ते म्हणाले. "तुमचं टेबल आजच परत लावायला सांगतो."

"टेबल नको सर. माझं नाव सगळ्यांसमोर घालवलंत, ते सगळ्यांसमोर परत द्या."

एचआरचे प्रमुख काहीतरी पुटपुटले. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. बातमी आता झाकून राहणार नव्हतीच, शेड तीनच्या लोकांना काहीतरी सांगावं लागणारच होतं. "त्याच वेळी तुमचंही सांगतो," ते म्हणाले. "शब्द दिला." मी बाहेर आले ती अक्षरशः हवेत. घरी जाताना अर्धा किलो बालूशाही घेतली.

बुधवारी पहिली पाळी सुटताना शेड तीनमध्ये सगळ्यांना जमवलं. मशीनं बंद केल्यामुळे शेड विचित्र शांत वाटत होती. मी साहेबांच्या मागं, ठेवणीतली इस्त्रीची साडी नेसून. भाऊ चौथ्या-पाचव्या रांगेत. त्याला मी दिसले तेव्हा त्यानं शेजारच्याला कोपरानं ढोसून माझ्याकडे दाखवलं. आपली बहीण आज सुटणार, एवढं त्याला माहीत होतं. त्याच्याच फोटोमुळे सुटणार होती.

साहेबांनी आधी वाईट बातमी सांगितली: होसूर, शिफ्टिंग, व्हीआरएस, सगळं खरं आहे. लोक ओरडायला लागले. मग ते मशीनकडे वळले. आपल्या यंत्रणेतली एक त्रुटी होती, बाहेरच्या कुणीतरी विचारलं आणि नावं गेली, यात आपल्यातल्या कुणाचाही हात नाही. मागून एक जण ओरडला, "मंग मशीन बरं म्हनायचं! इचारल्यावर सांगितलं तं!" थोडे लोक हसले.

"आणि एक," साहेब म्हणाले. "आपल्या मॅडमबद्दल काहींच्या मनात संशय आला होता. माझ्याही आला, मी माफी मागतो. उन्हाळ्यात हे ठरलं त्या दिवसापासून ही गोष्ट मॅडमना माहीत आहे. पत्र त्यांनीच टाइप केलंय. त्यांचा सख्खा भाऊ याच शेडमध्ये आहे. पण त्यांच्या तोंडून एक शब्द बाहेर गेला नाही. याला म्हणतात निष्ठा."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. एचआरच्या प्रमुखांनी वाजवल्या. आणखी कुणी वाजवल्या नाहीत. मी मागितलं होतं तेच, शब्दन् शब्द, मला मिळत होतं, आणि मी समोर बघत होते. भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. शेजारचा त्याच्याकडे बघत होता.

मला पळून जावंसं वाटलं. ते काही करता आलं नाही, कारण साहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी "धन्यवाद" म्हणाले.

भाऊ मला पार्किंगमध्ये सापडला, गाडीच्या सीटवर हात ठेवून नुसता उभा. रडलेला नव्हता, चिडलेलाही दिसत नव्हता. मीच सुरुवात केली. सांगता येत नव्हतं रे, एकाला सांगितलं तर सगळ्यांना सांगावं लागतं, नोकरी गेली असती, घराचे हप्ते आहेत, असं काय काय बोलत राहिले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ते समदं बरोबर हाय, अक्का," तो म्हणाला. "कंपनीचं नव्हतं सांगायचं. म्या बी नसतं सांगितलं. पन म्या शेंद्र्याला जाऊ का म्हनून इचारलं व्हतं. तू नुसतं 'जा' म्हनली असती."

त्यानं गाडी काढली. मी तिथंच उभी राहिले. मी सगळा उन्हाळा काय सांगायचं नाही एवढंच मोजत बसले होते, आणि 'जा' हा शब्द माझ्या कुठल्याच गोपनीय फायलीत नव्हता.